खालच्या फळीवरचे बेडूक

नाकमुरडी हे नाव तिला थोरल्या बहिणीनं दिलं, आणि ते इतकं चपखल बसलं की खरं नाव फक्त पगारापुरतं उरलं. लहानपणी ती दुधावरची साय बोटानं बाजूला सारायची आणि मग ते बोट धुवायला उठायची. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी तिला चालत नसे. ओल्या पायपुसण्यावरून ती टाचा उचलून जायची. पाहुण्यांच्या बाळानं खांद्यावर दूध ओकलं की बाळ मिळेल त्याच्या हातात कोंबून न्हाणीघराकडे धूम ठोकायची. हिच्यासाठी नवरा साबणाच्या कारखान्यातलाच शोधावा लागणार, असं ताई चारचौघांत सांगायची.

मिळाला तो गटारवाला. लग्न ठरलं तेव्हा तो नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात अभियंता होता. सांडपाण्याकडे बदली झाली ती लग्नानंतर, आणि ही फसवणूक तिनं त्याला कधीच माफ केली नाही. तो मागच्या दारानं घरात यायचा. बूट बाहेर, कपडे थेट बादलीत, मग आंघोळ, मग कोपरापर्यंत पुन्हा एकदा साबण, आणि एवढं झाल्यावर तो तिचा नवरा. जेवताना त्यानं तुंबलेल्या चेंबरचा विषय काढला की ती ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायची. एवढं सोडलं तर संसार बरा चालला होता. त्याला तिची सवय झाली होती आणि तिला साबणाच्या वासाची.

अशी बाई बेडकांच्या रोगावर काम करायला गेली कशी, हे कोडं ताईला आजही सुटलेलं नाही. उत्तर सोपं आहे. तिला बेडूक आवडत नव्हतेच, तिला प्रयोगाची आखणी आवडत होती. कुणी म्हणालं की अमुक औषधानं तमुक बरा झाला, की तिचं डोकं चालू व्हायचं. औषध नसतं दिलं तर तो बरा झाला नसता कशावरून? मग तसेच दुसरे घ्यायचे, त्यांना औषध द्यायचं नाही, बाकी सगळं तेच ठेवायचं, अन्न तेच, पाणी तेच, खोली तीच. फरक एकच. या एका फरकाच्या राखणीत तिनं उमेदीची वर्षं घालवली होती. एका शिकाऊ मुलीनं एकदा सांगितलं की हाताला लागले ते बेडूक पहिल्या गटात घातले. नाकमुरडीनं तिला तिथंच बसवून ऐकवलं, की हाताला आधी लागतात ते सुस्त असतात, चपळ असतात ते उड्या मारून कोपऱ्यात जातात, म्हणजे बाईसाहेब, तुम्ही आजारी निवडून एकीकडे काढलेत आणि आता म्हणता आजारी पडले. मुलगी रडली. नाकमुरडीला तिचं वाईट वाटलं नाही. प्रयोगातला गलथानपणा हीसुद्धा तिच्या लेखी घाणच होती, आणि घाण करणाऱ्याला ती कधी जवळ घेत नसे.

ती काम करायची ती इमारत जुनी, लांबट, खालच्या मजल्यावर प्राणिघर. दार उघडलं की ओल्या शेवाळाचा, किड्यांच्या खोक्यांचा आणि कुजलेल्या पानांचा असा एक वास अंगावर यायचा की नवखा दारातूनच मागं फिरायचा. तिला तो रोज तितकाच नवा होता, इतक्या वर्षांनीसुद्धा. ती दारात थांबून एक मोठा श्वास बाहेरचा घ्यायची आणि मग आत शिरायची.

आत काकांचं राज्य होतं. काका म्हणजे प्राणिघर सांभाळणारे, ढेरपोटे, कायम गुणगुणणारे. बेडकांची अंडी आणल्यापासून शेपटी गळून चार पाय फुटेपर्यंत सगळं बाळंतपण त्यांनीच केलेलं. ते बेडकांशी बोलायचे, त्यांना रागवायचे, एखाद्यानं किडा चुकवला तर त्याला आंधळा म्हणायचे. आणि हात न पुसता डबा उघडायचे. नाकमुरडी त्यांच्याशी बोलताना भिंतीकडे बघायची.

वरच्या मजल्यावर साहेब. त्यांच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं एवढंच, की ते फार वेळ एका जागी बसत नसत. बोटाला थुंकी लावून पानं उलटायची त्यांना खोड होती, आणि तो कागद मग ते तिच्या हातात द्यायचे. ती तो कोपऱ्याला चिमटीत धरून खोलीबाहेर न्यायची. दुसऱ्याच्या कामाचं कौतुक ते अशा रीतीनं करायचे, की ऐकता ऐकता ते काम त्यांचंच होऊन जायचं. मनुष्य इतका गुळगुळीत, की त्याच्यावर राग धरू म्हटलं तर रागसुद्धा घसरून पडावा.

त्या वर्षी डोंगरातल्या एका ओढ्यातले बेडूक मरू लागले होते. कातडीवर बसणारी एक बुरशी. बेडूक कातडीतून पाणी पितो, कातडीतून श्वासही घेतो, आणि ही नेमकी तीच वाट बुजवते. ओढ्यात उरलेले मूठभर निरोगी बेडूक पकडून आणून मागच्या खोलीत वेगळे ठेवले होते. साहेबांना एक औषध सुचलं होतं. त्यात बेडकांना बुचकळायचं आणि पावसाळा संपला की परत ओढ्यात सोडायचं, असा त्यांचा बेत होता. औषध खरं असेल तर ती जात तरेल. खोटं असेल तर आपण आपल्या हातानं शेवटचे बेडूक बुरशीच्या तोंडी देणार. म्हणून आधी काकांनी इथंच वाढवलेल्या बेडकांवर प्रयोग करायचा ठरला, आणि आखणी अर्थात नाकमुरडीकडे आली.

आखणी देखणी होती. तीन गट. एकाला काहीच नाही, नुसती तुलनेसाठी निरोगी मंडळी. दुसऱ्याला बुरशीची लागण करायची आणि औषधाऐवजी साध्या पाण्यात बुचकळायचं. तिसऱ्याला लागणही करायची आणि औषधही द्यायचं. प्रत्येक बेडकाची टाकी वेगळी, प्रत्येक टाकीला नवे हातमोजे. आणि कोणती टाकी मांडणीवर कुठं ठेवायची हे माणसानं ठरवायचं नाही, चिठ्ठ्यांनी ठरवायचं. चिठ्ठ्या तिनं स्वतः कापल्या, स्टीलच्या भांड्यात घातल्या, आणि शिकाऊ मुलीला डोळे मिटून काढायला लावल्या.

चिठ्ठ्यांनी नेमकं नको ते केलं. दुसऱ्या गटाच्या, म्हणजे लागण होऊन औषध न मिळणाऱ्या बेडकांच्या बऱ्याच टाक्या मधल्या फळीवर आल्या. मधली फळी म्हणजे बेसिनच्या शेजारी, तिच्या खुर्चीसमोर, बरोबर नाकासमोर. पुढं काय होणार हे तिला पाठ होतं. कातडी सोलून चिंध्या लोंबणार. बेडूक त्या चिंध्या पुढच्या पायांनी तोंडात कोंबणार आणि डोळे मिटून गिळणार. पाय फाकून चिखलाच्या गोळ्यासारखा बसणार. आणि हे सगळं आपण नोंदी लिहिताना समोर. तिला तिथल्या तिथं शिसारी आली.

तेव्हा तिनं सांगितलं, की आजारी टाक्या वर ठेवणं धोक्याचं आहे, पाणी ठिबकलं तर खालच्या निरोगी बेडकांना लागण होईल, तेव्हा दुसरा गट सगळाच्या सगळा खालच्या फळीवर जमिनीलगत, निरोगी मधल्या आणि औषधवाले वरच्या फळीवर ठेवू. सगळ्यांनी माना डोलावल्या. नाकमुरडी सांगते म्हणजे त्यात खोट कशी असेल? तिलाही ते कारण पटलं. इतकं पटलं, की तिसऱ्या गटालाही तीच बुरशी दिली आहे, त्याचंही पाणी तितकंच घाण आहे, आणि तो आपण खुशाल वरच्या फळीवर ठेवतो आहोत, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. त्यांच्यावर औषध पडत होतं. औषध पडलं की तिच्या मनात वस्तू स्वच्छ झाली.

लागण करायचं कामही तिनं शिकाऊ मुलीवर सोपवलं. तपासणीचं काकांवर. तपासणी म्हणजे बेडकाला रोज पाठीवर उताणा करायचा आणि बघायचं. निरोगी बेडूक झटक्यात पालथा होतो. आजारी वेळ लावतो. ज्याला पालथं होताच येत नाही त्याचा खेळ संपला, त्याला गुंगीचं औषध देऊन शांतपणे मारायचं आणि मेला म्हणून मोजायचं. खालच्या फळीपाशी काका गुडघे टेकून बसायचे आणि वरून नाकमुरडी विचारायची, वळला का? ते वळला म्हणायचे किंवा गप्प राहायचे. एकदाही ती खाली वाकली नाही.

निकाल लखलखीत लागला. खालच्या फळीवर जवळजवळ सगळे गेले, वर औषधवाले बहुतेक वाचले. साहेबांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी बाहेरच्या पाहुण्यांसमोर नाकमुरडीला अशी काही हरभऱ्याच्या झाडावर चढवली, की तिला ती बोटं, तो कागद, सगळं क्षणभर सहन झालं. ओढ्यातले बेडूक सोडायचा दिवस ठरला, गाडी सांगून झाली.

मग प्राणिघरातली एक ट्यूबलाइट फडफडू लागली. वायरमन आला, स्टुलावर चढला, मांडणीच्या माथ्यावर, वरच्या फळीला लागून बसवलेल्या दिव्यांचं झाकण काढून त्यानं ट्यूबचा चोक खाली दिला आणि जरा धरा म्हणाला. नाकमुरडीनं धरला आणि तिच्या हातातून तो सुटलाच. वायरमन हसला. या चोकवर शर्टाला इस्त्री होईल मॅडम, सगळेच असे तापतात, म्हणाला.

ती उभीच राहिली. मग तिनं वरच्या फळीवरच्या एका टाकीला तळवा लावला. ऊबदार. आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती खाली बसली आणि जमिनीलगतच्या टाकीला हात लावला. एसीचा सगळा गारठा तिथं साचला होता. फरशी पायमोज्यातून बोचत होती. खोलीचं तापमान मोजायची काट्याची तबकडी दाराशेजारी, मधल्या उंचीवर टांगलेली होती आणि ती कायम इमानदारीत मधलंच काहीतरी दाखवत होती. या बुरशीला ऊब सोसत नाही हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असतं. वरच्यांना औषधानं वाचवलं की चोकनं, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

पाणी ठिबकेल. हे आपण बोललो होतो. बोलताना तोंड वाकडंसुद्धा झालं नव्हतं. तिला तिथंच ओकारी आली, आणि ती बेसिनपाशी गेली तेव्हा प्राणिघराचा वास बिचारा त्यात कुठंच नव्हता.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो नखं घासत होता. त्यानं एवढंच विचारलं, की साहेबांना सांगितलंस का. नाही म्हटल्यावर तो पुन्हा नखं घासू लागला. ती म्हणाली, तू सांगितलं असतंस का? तो म्हणाला, "माझ्याकडे चूक झाली की ती आपली आपणच रस्त्यावर येते. मला सांगावं लागत नाही." हे उत्तर तिला मुळीच आवडलं नाही, पण झोपही लागली नाही.

सकाळी साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मधून मधून कागद उलटत, बोटाला थुंकी लावत. मग खुर्चीत मागं टेकून अगदी मायेनं बोलू लागले. असं बारीक बघायला गेलं तर जगातला एकही प्रयोग टिकायचा नाही. पाहुण्यांना सांगून झालंय. गाडी ठरलीय. आणि तिचा इतका जीव अडकला असेल तर तिसरा गट तेवढा पुन्हा करू, औषधवाले खालच्या फळीवर ठेवू, जुन्या मेलेल्यांशी ताडून बघू, झालं.

ती म्हणाली, जुने मेलेले वेगळ्या ऋतूत मेले, वेगळ्या पाण्यात मेले. करायचं तर तिन्ही गट एकदम, नव्यानं, चिठ्ठ्या टाकून, सगळ्या फळ्यांवर सारखा गारवा ठेवून. साहेब म्हणाले, "मॅडम, हे कुणी विचारणार नाही हो."

"मी विचारलंय ना," ती म्हणाली. "आणि तुम्ही गाडी पाठवलीत तर मी पाहुण्यांनाही सांगणार, की टाक्या मी हलवल्या आणि मला किळस आली म्हणून हलवल्या."

साहेबांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटलं ते तिनं आयुष्यभर शेवाळाकडे बघताना स्वतःच्या चेहऱ्यावर वागवलं होतं. त्यांनी गाडी रद्द केली. त्या दिवसापासून जिन्यात गाठ पडली की ते कठड्याला चिकटून जायचे. आठवड्याभरातच ते बाहेर कुणाला तरी सांगत होते, की ऊब हेच खरं औषध, ही कल्पना आपल्या डोक्यात पहिल्यापासून होती. प्रयोग न करताच! तिच्या कानावर आलं. तिनं त्यांनी हात लावलेले सगळे कागद टेबलावरून उचलले आणि टोपलीत टाकले.

पण खरं अवघड काम जिन्याच्या खाली होतं. प्रयोग पुन्हा करायचा म्हणजे पुन्हा निरोगी बेडूक घ्यायचे, पुन्हा त्यांना बुरशी द्यायची. काकांनी नवी वीण नुकतीच वाढवली होती. त्यांचं गुणगुणणं थांबलं. ते हातातलं किड्यांचं खोकं खाली ठेवून म्हणाले, "चूक तुमची आणि मरायचं यांनी?"

मागच्या खोलीतल्या ओढ्यातल्या बेडकांचं नाव घेता आलं असतं, जात वाचवायची वगैरे म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. पण आता स्वतःच्या तोंडून कुठलंही चांगलं कारण ऐकलं की तिला त्याचा वास यायचा. ती एवढंच म्हणाली, की हो, तसंच आहे. यावेळी सगळं मी करणार. तुम्ही फक्त चिठ्ठ्या काढा.

काकांनी चिठ्ठ्या काढल्या. मांडणीवरचे दिवे काढून भिंतीवर लावले होते, वरखाली हवा फिरवायला पंखे बसवले होते, आणि प्रत्येक फळीवर तापमान मोजायची सोय होती. औषध कोणतं आणि साधं पाणी कोणतं हे शिकाऊ मुलीला ठाऊक होतं, तिला नाही. बाटल्यांवर नुसत्या खुणा होत्या. आजारी टाक्या यावेळी कुठंही आल्या, नाकासमोरसुद्धा. तिनं त्या तिथंच राहू दिल्या.

लागण तिनं आपल्या हातानं केली. एकेक निरोगी, गुबगुबीत, रागावलेला बेडूक मुठीत धरायचा, नळीतलं गढूळ पाणी त्याच्या पोटावर सोडायचं, आणि तो बिनघोर बसून राहतो ते बघायचं. हातमोज्यातून त्याच्या गळ्याची धडधड लागायची. मोजे बदलायचे आणि पुढचा घ्यायचा. दुपारी घरी येऊन ती नवऱ्यासारखी कोपरापर्यंत साबण लावून उभी राहिली, आणि नवऱ्यानं काही न विचारता तिच्या हातावर पाणी ओतलं.

पुढं ठरल्याप्रमाणे सगळं झालं. कातडीच्या चिंध्या झाल्या, त्यांनी त्या गिळल्या, आणि ती समोर बसून बघत राहिली. वरच्या फळीवरचे, मधल्या, खालच्या, लागण झालेले सगळे सारखेच वाळू लागले. खुणांच्या दोन्ही बाटल्यांत काही फरक दिसत नव्हता. अजून मोजणी संपायची होती, पण औषधाचं काय ते तिला दिसलं होतं आणि काकांनाही दिसलं होतं. ओढ्यातले बेडूक सोडले असते तर आज ते कुठं असते, हेही आता दोघांना कळत होतं.

एका सकाळी ती मधल्या फळीवरच्या एका टाकीपाशी आली. हा बेडूक काकांचा विशेष होता. डाव्या डोळ्यावर पांढरा ठिपका, किडा हातातून घ्यायचा. तिनं त्याला उताणा केला. तो तसाच पडून राहिला. मग एक पाय हलला, मग दुसरा, आणि फार वेळानं, अंग ओढत, तो पालथा झाला. काका तिच्या मागं येऊन उभे होते.

"माझ्या खोलीत दिव्याखाली ठेवतो," ते म्हणाले. "ऊब मिळाली तर हा उठेल. अजून वळतोय."

उद्या तो वळणार नाही हे तिलाही दिसत होतं. उद्या त्याला मेला म्हणून मोजलं, की मग त्याचं काहीही करायला ती मोकळी होती, पण उद्या दिवा लावून काही उपयोग नव्हता. आज उपयोग होता. आज काढला तर प्रयोगातून आजारी बेडूक माणसानं निवडून उचलला असं होणार होतं, हाताला लागला म्हणून, आवडता म्हणून.

"अजून वळतोय म्हणूनच नेता येणार नाही, काका," ती म्हणाली.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे पाहिलं, आणि जराशी वाट देऊन, तिचा स्पर्श आपल्याला होऊ नये इतकं अंतर राखून ते तिच्या बाजूनं बाहेर गेले. ती नजर ती ओळखून होती, आणि काका चुकत होते असं काही तिला वाटलं नाही. तिनं टाकीचं झाकण लावलं, मोजे बदलले आणि पुढची टाकी उघडली.